सोमवारची बाटली, गुरुवारची भाजी : सिंचनाच्या पाण्याच्या तपासणीचे एक प्रकरण

पेडणे तालुक्यातल्या एका गावात व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, बंधारा आहे. पाऊस सरला की त्याला फळ्या बसवतात, मागे कोंड तुंबते आणि त्या पाण्यावर खालच्या मळ्यात उन्हाळ्यापर्यंत भाजी पिकते. पावसाळी भात कापून झालेल्या जमिनीत वाफे पडतात. तांबडी भाजी, मुळा, कोथिंबीर, मिरची, थोडी भेंडी, आणि अलीकडे गिऱ्हाईक मिळाले म्हणून लेट्यूस. मळा कसणाऱ्या बहुतेक बायकाच, सगळ्या एका स्वयंसाहाय्य गटातल्या. माल जातो तो म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला. कोथिंबीर, मुळा आणि लेट्यूसचा काही भाग किनाऱ्यावरचे एक हॉटेल उचलते.

भांडण दोन कागदांवरून सुरू झाले. गटाकडे आमच्या प्रयोगशाळेचे मागच्या हंगामातले अहवाल होते. त्यांत १०० मिलि पाण्यात ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून पाण्यात येणारे जिवाणू, कधी ३००, कधी ५००, कधी ९००. हॉटेलने स्वतः एका ठिकाणी तपासणी करून घेतली, तिचा अहवाल होता ‘१६०० पेक्षा जास्त’. हॉटेलने ऑर्डर थांबवली. गटाचे म्हणणे, हॉटेलला भाव पाडायचा आहे. हॉटेलचे म्हणणे, गटाने चांगल्या जागेचे पाणी दाखवले. गावाने तिसरेच बोट दाखवले. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला भाड्याच्या खोल्यांची नवी चाळ झाली आहे, तिचा शोषखड्डा व्हाळात पाझरतो, असे म्हणत पंचायतीत अर्ज गेला. चाळीत राहणारी माणसे बाहेरून आलेली, त्यामुळे अर्जाची भाषा पाण्यापेक्षा माणसांबद्दलच जास्त होती.

या टप्प्यावर काम माझ्याकडे आले. मी तंत्रज्ञ. नमुने आणायचे, नळ्या लावायच्या, वाचायच्या आणि जे दिसले ते लिहून द्यायचे. कोण दोषी हे ठरवणे माझे काम नाही. पण दोन्ही कागद खरे असतील तर ते एकाच मळ्याचे कसे, हा प्रश्न मात्र माझाच होता.

दोन्ही आकडे एमपीएन, म्हणजे ‘सर्वांत संभाव्य संख्या’, या पद्धतीचे होते. या पद्धतीत जिवाणू मोजत नाहीत, अंदाजतात. १० मिलि, १ मिलि आणि ०.१ मिलि पाणी प्रत्येकी पाच नळ्यांत घालतात. नळीत मॅककॉन्की ब्रॉथ आणि आत एक छोटी उलटी डऱ्हॅम नळी. कोलिफॉर्म, म्हणजे ई. कोलाय ज्यात मोडतात तो जिवाणूंचा गट, वाढले की ब्रॉथ पिवळा पडतो आणि उलट्या नळीत वायूचा बुडबुडा अडकतो. ज्या नळ्या वाढल्या त्यांतले थेंब पुढे ईसी ब्रॉथमध्ये ४४.५ अंश सेल्सिअसला चोवीस तास ठेवतात, आणि शेवटी ट्रिप्टोन पाण्यात कोव्हॅक द्राव टाकून वर चेरीसारखे लाल कडे उठते का ते बघतात. उठले तर ते ई. कोलाय. किती नळ्या वाढल्या त्यावरून तक्त्यात आकडा शोधायचा. पंधराच्या पंधरा वाढल्या तर तक्ता संपतो आणि अहवालात ‘१६०० पेक्षा जास्त’ असे लिहितात. पाच किलोच्या काट्यावर भोपळा ठेवला तर काटा शेवटाला टेकतो. भोपळा सहा किलोचा की सोळा, ते काटा सांगत नाही. हॉटेलच्या अहवालाचे नेमके हेच झाले होते. पाणी पातळ करून पुढच्या नळ्या लावल्याच नव्हत्या. १,७०० असो की १,७०,०००, कागद तोच.

बाटलीची कहाणीही कळली. हॉटेलच्या माणसाने मिनरल वॉटरची रिकामी बाटली मळ्यात कुठल्याशा पाण्यात विसळून भरली आणि गाडीच्या डिकीत टाकून नेली. कागदावर जागा लिहिली होती ‘शेतातील पाणी’. अशा नमुन्यावर मी सही करणार नाही. पण म्हणून तो आकडा खोटा ठरत नव्हता. नुसता बेवारशी होता.

मर्यादा कुठली लावायची, यावरही प्रत्येकाचे वेगळे होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे वापरानुसार पाच वर्ग केले आहेत. आंघोळीच्या ‘ब’ वर्गाला एकूण कोलिफॉर्मची मर्यादा १०० मिलिमध्ये ५००, प्रक्रिया करून प्यायच्या ‘क’ वर्गाला ५,०००. सिंचनाच्या ‘इ’ वर्गाला मात्र सामू ६ ते ८.५, विद्युतवाहकता २,२५०, सोडियमचे प्रमाण २६ आणि बोरॉन लिटरला २ मिलिग्रॅम. जिवाणूंचा रकानाच नाही. हा वर्ग पाहतो ते जमीन खारट होईल का आणि पीक जळेल का. पीक खाणाऱ्या माणसाच्या पोटाशी त्याला देणेघेणे नाही. २०१८ मध्ये मंडळाने देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे काढले, त्यांत गोव्यातले ११ होते. पण तेही जैविक ऑक्सिजन मागणीवरून, म्हणजे पाण्यातली घाण कुजायला किती ऑक्सिजन लागतो त्यावरून, ई. कोलायवरून नव्हे. त्यामुळे आमच्या व्हाळाचे पाणी ‘सिंचनास योग्य’ असे कोणी लिहून दिले तर ते नियमाला धरून असते आणि कोथिंबिरीबद्दल काहीच सांगत नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये कच्च्या खायच्या पिकांसाठी १०० मिलिमध्ये १,००० विष्ठाजन्य कोलिफॉर्म अशी मर्यादा सुचवली होती. आमच्याकडचे बरेच लोक अजून तिच्यावरच चालतात. २००६ मध्ये संघटनेने विचार बदलला. पाणी एकाच ठिकाणी अडवून पास-नापास करण्यापेक्षा पाणी ते ताट या वाटेवर कुठे कुठे जिवाणू कमी होतात ते मोजा, असे ती म्हणू लागली. शेवटचे पाणी आणि कापणी यांत अंतर ठेवले तर दिवसाला ०.५ ते २ लॉग, म्हणजे तिपटीपासून शंभरपटीपर्यंत घट. स्वच्छ पाण्याने धुतल्यावर एक लॉग, म्हणजे दहापट. ठिबकने दोन ते चार. हॉटेलकडे युरोपीय पाहुण्यांमुळे युरोपीय संघाच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेची प्रत होती. पाणी थेट पानाला लागते आणि पान कच्चे खाल्ले जाते, तिथे ती १०० चा आकडा धरते. गोव्याच्या कुठल्याही उघड्या व्हाळाने हा १०० चा आकडा रोज पाळावा, ही अपेक्षा मला भाबडी वाटते. वरती गुरे आहेत, रानडुकरे आहेत, पक्षी आहेत. पण आकडा पाळता येत नाही म्हणून प्रश्न संपत नाही. पान कच्चे खाणारा माणूस तोच आहे.

तांबडी भाजी चुलीवर शिजते, तिची चिंता कमी. कोथिंबीर, मुळा आणि लेट्यूस यांची चिंता जास्त. पण सगळ्या एकाच मळ्यात, एकाच हातांतून जातात. हे शेवटचे वाक्य तेव्हा मी टिपणात सहज लिहिले होते. पुढे सगळे प्रकरण त्यावरच फिरले.

आधी चाळीचा प्रश्न निकालात काढायचा होता, कारण गाव त्यावर अडून बसले होते. चाळीच्या वर आणि खाली, व्हाळाच्या मध्यधारेत नमुने घेतले. निर्जंतुक बाटली न विसळता, तोंड प्रवाहाकडे करून, हातभर पुढे धरून, तीन चतुर्थांश भरायची. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचे नाही, ते जमिनीवर ठेवायचे नाही. पाण्यात उतरावे लागले तर आपण खालच्या बाजूला उभे राहायचे, नाहीतर आपल्याच पायांनी ढवळलेला गाळ बाटलीत येतो. बर्फाच्या पेटीतून सहा तासांच्या आत प्रयोगशाळा.

वरचा आकडा ५००, खालचा ८००. पंचायतीत एका सदस्याने लगेच म्हटले, ‘बघा, वाढलेच की!’ मग त्याला तक्ता दाखवावा लागला. पाच नळ्यांच्या या पद्धतीत ५०० म्हणजे साधारण २०० ते १,५०० मधले काहीही, आणि ८०० म्हणजे ३०० ते २,५०० मधले काहीही. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढलेले. यावरून चाळ दोषी ठरत नाही. निर्दोषही ठरत नाही. शोषखड्डा जांभ्यात खणला आहे, जांभा पाणी पिऊन घेतो आणि वाट मिळेल तिथे सोडतो, त्यामुळे खड्ड्याची प्रत्यक्ष पाहणी व्हायला हवी, हे मी लिहून दिले. ती पाहणी आरोग्य खात्याने करायची. माझ्या नळ्यांना तेवढी नजर नाही.

व्हाळाचे पाणी ५०० ते ८०० च्या घरात, म्हणजे आमच्या जुन्या अहवालांशी जुळणारे. मग हॉटेलची बाटली कुठून भरली?

पहिला संशय पंपावर गेला. कोंडीतल्या पंपाच्या सक्शन पाइपाचा फूटव्हॉल्व्ह तळच्या गाळात रुतला होता, आणि दुपारी गावच्या म्हशी त्याच कोंडीत बसतात. गाळात ई. कोलाय बरेच दिवस तगून राहतात, उन्हापासून लपतात. पंप सुरू केल्याबरोबर पाइपातून आलेले पहिले पाणी तांबूस, त्याचा आकडा २,४००. दहा मिनिटे चालवल्यावर तोच ५०० वर. हे दुखणे सोपे होते. गटातल्या एकीच्या नवऱ्याने सक्शनच्या टोकाला वीस लिटरचा रिकामा कॅन बांधून ते तळापासून वर तरंगते केले, आणि पहिले पाणी भेंडीच्या सरीत सोडायचे ठरले, कारण भेंडी उंच वाढते आणि शिजवून खातात. म्हशींबद्दल मी काही बोलले नाही. त्यांच्या मालकाशी गटाचेच बोलणे चालू होते आणि ते माझ्यापेक्षा जुने होते.

पण २,४०० चा आकडा फक्त पहिल्या पाण्याचा. पानाला लागते ते पुढचे. मला अजून काहीतरी चुकत असल्यासारखे वाटत होते, आणि ते जुन्या अहवालांच्या तारखा ओळीने लावल्यावर दिसले. प्रत्येक नमुना सोमवारचा किंवा मंगळवारचा, सकाळचा.

यात लबाडी काही नाही. सूक्ष्मजीव तपासणी करणाऱ्या कुठल्याही छोट्या प्रयोगशाळेत विचारा. नळ्या लावल्यापासून पहिले वाचन चोवीस तासांनी, दुसरे अठ्ठेचाळीस तासांनी, मग ईसी ब्रॉथचे आणखी चोवीस. सोमवारी लावले की गुरुवारी अहवाल हातात. गुरुवारी लावले की शेवटचे वाचन रविवारी येते, आणि रविवारी प्रयोगशाळेला कुलूप. त्यामुळे ‘नमुने सोमवार-मंगळवारीच आणावेत’ असा कागद दारावर चिकटवलेला असतो. पाण्याचे वेळापत्रक इनक्युबेटर ठरवतो.

मळ्याचे वेळापत्रक मात्र म्हापशाचा बाजार ठरवतो. शुक्रवारी पहाटे माल निघतो, म्हणजे काढणी आणि धुणे गुरुवारी दुपारनंतर. गुरुवारी मळ्यात नमुना घ्यायला कधी कोणी गेलेच नव्हते.

मी गेले तेव्हा मळ्याच्या कोपऱ्यात, चिरे लावून केलेल्या एका खड्ड्याभोवती सगळ्या बायका बसल्या होत्या. खड्ड्याला पाटाचे पाणी येते. पण बाहेर जायला वाट नाही, भरले की भरले. तांबडी भाजी मुळांसकट उपटतात. जुडी बांधली की मुळांची बाजू पाण्यात दोनतीनदा बुचकळायची, माती झाडायची, मग पाने बुडवून एकदा उचलायची. जुडी लालभडक, चकचकीत. कोथिंबिरीचेही तेच. बाजूला मुळ्याचा ढीग. पाण्याचा रंग सुरुवातीला चहासारखा होता. दिवे लागायच्या वेळेला तो चिखलाचा झाला होता आणि त्याच पाण्यात हॉटेलसाठी राखून ठेवलेली कोथिंबीर शेवटी धुतली जात होती. शेवटी का, तर ती ताजी दिसावी म्हणून.

गटातल्या वयस्क बाई म्हणाल्या, ‘बाय, धुतल्याशिवाय भाजी घेतो कोण? व्हाळाच्या पाण्यावर आमच्या आज्यापासून भाजी पिकते. आताच कशी बाधली?’

त्यांचे म्हणणे रास्त होते. व्हाळ बाधत नव्हता. पेरणीनंतर वाफ्यांना शेणाचा काला देतात, ताज्या शेणाचा, कारण कुजवायला जागाही नाही आणि वेळही. तो मुळांच्या मातीत बसतो. प्रत्येक जुडी खड्ड्यात थोडी माती सोडते आणि आधीच्या सगळ्या जुड्यांनी सोडलेले पाणी पानांवर घेऊन बाहेर पडते. पहिल्या जुडीला हे धुणे असते, शेवटच्या जुडीला ते शेणकाल्यात बुडवणे असते.

खड्ड्यातले पाणी धुणे सुरू होण्याआधी आणि संपल्यावर, असे दोन्ही वेळी घेतले. या वेळी पाणी भरपूर पातळ करून नळ्या लावल्या, तक्ता संपायला नको म्हणून. आमच्या प्रमुखांनी रात्री प्रयोगशाळा उघडी ठेवू दिली, त्याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजेत. सुरुवातीचे पाणी १,३००, संपतानाचे २४,०००. सोमवारी सकाळी त्याच खड्ड्यात पुन्हा बाटली बुडवली तर १,३०० च्या आसपासच. तीन दिवसांचे ऊन आणि पाटाचे नवे पाणी यांनी खड्डा परत निवळला होता. हॉटेलच्या माणसाला तारीख विचारली. तो गुरुवारी माल पाहायला आला होता.

म्हणजे दोन्ही कागद खरे होते. एक व्हाळाचा, एक खड्ड्याचा. एक सोमवारचा, एक गुरुवारचा. सिंचनाच्या पाण्याची तपासणी म्हणून दोघांनी भांडण केले, आणि हॉटेलच्या कागदातले पाणी सिंचनाचे नव्हतेच.

उपाय सुचवताना पुस्तकी यादी बाजूला ठेवावी लागली. ठिबकचे नाव काढल्यावर बायका हसल्या. तांबडी भाजी फोकून पेरतात, वाफा गालिच्यासारखा भरतो, नळी टाकायची कुठे? कापणीच्या दोन दिवस आधी पाणी बंद करा, हे संघटनेच्या हिशेबात छान बसते. पण जानेवारीच्या दुपारीही इथे ऊन तापते आणि कोथिंबीर माना टाकते. मान टाकलेली कोथिंबीर हॉटेल परत पाठवते. शेवटी ठरले ते असे की बुधवारी सकाळनंतर झारीने वरून पाणी द्यायचे नाही, गुरुवारी गरज पडली तर सरीतून मुळाशी द्यायचे. यात किती लॉग घट मिळते हे मी सांगत नाही. थोडी मिळते, आणि फुकट मिळते.

खरा बदल धुण्यात झाला. खड्डा मोडला नाही. मुळांची माती तिथेच झाडायची, पण पाने त्यात बुडवायची नाहीत. पानांसाठी एक हजार लिटरची प्लास्टिकची टाकी विहिरीच्या पाण्याने भरायची आणि तोटीखाली वाहत्या पाण्यात जुडी धरायची. विहिरीच्या नमुन्यात ई. कोलाय निघाले नाहीत, तरी टाकी आणि पाइप उघड्यावर असतात, म्हणून लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन राहील इतकी ब्लीचिंग पावडर. २५ टक्क्यांची ताजी असेल तर हजार लिटरला ८ ग्रॅम, डबा उघडा राहिलेला असेल तर हे गणित धरू नये. माती असलेल्या पाण्यात क्लोरीन टाकून उपयोग नाही. मातीच तो खाऊन टाकते. म्हणून क्रम महत्त्वाचा, आधी माती, मग टाकी. आणि शेणकाल्याऐवजी कुजलेले खत. हे सगळ्यांत अवघड निघाले, कारण त्यासाठी पुढच्या हंगामाचा विचार याच हंगामात करावा लागतो. निम्म्या वाफ्यांना यंदा ताजेच शेण पडले.

टाकीचा नमुना घेताना बाटली वेगळी लागते, हे इथे नोंदवते, कारण ते बऱ्याचदा राहून जाते. क्लोरीन असलेल्या पाण्यासाठी बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट घातलेले हवे. नाहीतर क्लोरीन प्रवासभर बाटलीतच जिवाणू मारत राहतो आणि अहवाल येतो तो बाटलीचा, टाकीचा नव्हे.

पुढच्या गुरुवारी खड्ड्यात धुतलेली आणि टाकीखाली धुतलेली कोथिंबीर दोन्ही घेतल्या. २५ ग्रॅम पाने २२५ मिलि पेप्टोन पाण्यात हलवून नळ्या लावल्या. टाकीखालची दहापटीहून कमी निघाली. शून्य निघाली नाही, आणि निघेल असे मी कोणाला सांगितलेही नव्हते. गिऱ्हाइकाने घरी धुवायची ती धुवायचीच. शिवाय ई. कोलाय कमी म्हणजे जंतांची अंडीही नाहीत, असे होत नाही. ती वेगळी तपासणी आहे, आमच्याकडे होत नाही, आणि हे वाक्य अहवालात लिहावे की नाही यावरून आमच्यात वाद झाला. ते मी ठेवले.

हॉटेलच्या फॉर्ममध्ये ‘पाण्याचा अहवाल’ असा एकच चौकोन होता. त्यात मी दोन कागद जोडले, वर जागा, वार आणि वेळ ठळक लिहून : एक पंपाचे पाणी, दहा मिनिटांनंतर; दुसरा टाकीच्या तोटीचे पाणी, गुरुवारी धुणे चालू असताना. खरेदी विभागाने दुसरा कागद कशाला, असे विचारले. कोथिंबीर त्याच पाण्यातून येते असे सांगितल्यावर त्यांनी पहिला कागद कशाला, असे विचारले. ऑर्डर सुरू झाली आहे, आधीपेक्षा कमी.

चाळीचा अर्ज अजून पंचायतीत आहे. आरोग्य खात्याची पाहणी व्हायची आहे, आणि धुण्याच्या खड्ड्याचे आकडे कळल्यावर अर्जावर सह्या केलेल्यांपैकी काहींनी तो मागे घ्यायची भाषा सुरू केली आहे. मी त्यांना सांगितले की मागे घेऊ नका, फक्त त्यातली माणसांबद्दलची वाक्ये काढा. शोषखड्डा पाहायला हवा तो हवाच.

आमच्या दारावरचा सोमवार-मंगळवारचा कागद तसाच आहे. त्याखाली आता एक ओळ वाढली आहे, की भाजी धुण्याच्या पाण्याचा नमुना धुणे चालू असतानाच घ्यावा, वार कुठलाही असो. त्यासाठी रविवारच्या वाचनाची पाळी लावावी लागली. महिन्यातून एक रविवार. पहिली पाळी माझी होती, पुढची कोणाची ते अजून ठरायचे आहे.